पूर्वकथा किती, कधी आणि कुणाच्या तोंडून: कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी पायरीवार मार्गदर्शन

नव्या कादंबऱ्यांचे खर्डे वाचताना एक गोष्ट सारखी समोर येते. पहिल्या वीस पानांत घराण्याच्या तीन पिढ्या, वाड्याची वाटणी, ग्रामदेवतेची आख्यायिका आणि आजोबांचा तापट स्वभाव येऊन जातो. नायिका एसटीतून उतरते ती त्यानंतर. लिहिणाऱ्याला वाटतं, एवढं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पण डोळ्यांसमोर काही घडत नाही तोवर वाचकाला मागचं ऐकायची निकडच नसते. तो पुस्तक मिटतो.

याच्या उलट चूकही तितकीच होते. 'माहिती कोंबू नका' हा सल्ला मनावर घेऊन काही जण सगळंच दडवतात. पात्रं कारणाशिवाय रडतात, 'ती गोष्ट', 'तो दिवस' असे मोघम उल्लेख होत राहतात आणि शेवटच्या प्रकरणात कुणीतरी म्हातारं माणूस बाजेवर बसून दहा पानं सगळं उलगडत राहतं.

दोन्ही चुकांचं मूळ एकच: माहिती लेखकाच्या सोयीने येते, प्रसंगाच्या गरजेने येत नाही. खालचे टप्पे त्या गरजेभोवती लावले आहेत. क्रम मोडू नका. दुसरा टप्पा पुरा न करता तिसऱ्यावर उडी मारली, तर पुढचं सगळं फसतं.

उदाहरणासाठी धरलेलं कथानक

एकच काल्पनिक कथानक शेवटपर्यंत वापरू. माधवी, वय ४१, मुंबईत वाढलेली. २०१९ च्या मार्गशीर्षात ती सिंधुदुर्गातल्या आपल्या गावी येते. वडील सीताराम गेल्या वर्षी वारले. सामाईक जमिनीचा एक तुकडा विकायचा आहे आणि त्यासाठी चुलतकाका दिगंबर यांची सही हवी. काका सही टाळतायत. दुसऱ्या दिवशी गावपळण आहे.

गावपळण ही खरी प्रथा. मालवण तालुक्यात आचरा, चिंदर, वायंगणी या गावांत काही वर्षांच्या अंतराने, देवाचा कौल घेऊन, अख्खं गाव गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातं. आपलं गाव मात्र काल्पनिक आहे.

मागची गोष्ट अशी: सीताराम गिरणी कामगार. १९८२ च्या संपात पगार थांबल्यावर तो बायको आणि चार वर्षांच्या माधवीसह गावी आला. दिगंबरने त्यांना दोन वर्षं पोसलं. बदल्यात सीतारामने त्या तुकड्यावरचा हक्क देवळात कौल लावून तोंडी सोडला. कागद झाला नाही. माधवीला यातलं काही माहीत नाही.

इथे दोन प्रकारची सामग्री आहे. एक, पात्रांच्या आयुष्यात घडून गेलेलं. त्याला आपण पूर्वकथा म्हणू. दुसरी, गावाचे नियम, श्रद्धा, दंतकथा. त्याला परंपरा म्हणू. पूर्वकथेतून माणूस असा का वागतो ते कळतं. परंपरेतून त्या जगात काय करता येतं आणि काय नाही ते ठरतं. दोन्हींना एकाच पद्धतीने हाताळलं की घोटाळा होतो.

टप्पा १: सगळं आधी वहीत उतरवा

कादंबरीच्या फाइलमध्ये नको, वेगळ्या वहीत. तिचे तीन भाग करा.

पहिला भाग कालपटाचा. प्रत्येक पात्राचं जन्मवर्ष आणि बाहेरच्या जगातल्या तारखा शेजारी शेजारी लिहा. आपल्या कथेसाठी तो असा होईल:

- १९५२: सीतारामचा जन्म. १९५५: दिगंबरचा. १९७८: माधवीचा.
- १ मे १९८१: रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला.
- १८ जानेवारी १९८२: दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू. सुमारे अडीच लाख कामगार.
- २६ जानेवारी १९९८: कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू.

या चार ओळींतून किती चुका टळतात बघा. १९८२ मध्ये सीताराम कुडाळ स्टेशनवर उतरूच शकत नाही. तो रस्त्यानेच आला पाहिजे. गावातला एखादा वयस्क माणूस तेव्हाही सवयीने 'रत्नागिरी जिल्हा' म्हणेल, कारण जिल्हा वेगळा होऊन जेमतेम वर्षच झालेलं आहे. आणि 'संप मिटल्यावर आम्ही परत गेलो' हे वाक्य कुणाच्याही तोंडी घालता येणार नाही, कारण तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरणगावात वाढलेला वाचक अशा एका वाक्यावर अडला की उरलेल्या पुस्तकावरचा त्याचा विश्वास जातो.

दुसरा भाग नियमांचा. कौल कोण लावतो, कोणत्या कामासाठी, आणि तो मोडला तर गाव काय करतं? आपल्या गावात देवाला कळ्या लावतात, उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार, असं ठरवलं तर ते लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत बदलू नका. गुरव कोण, मानकरी कोण, गाऱ्हाणं कोण घालतं, हेही. आणि एक निर्णय इथेच घ्या: तुमच्या कथेत राखणदार, म्हणजे गावाचं रक्षण करणारी अदृश्य शक्ती, खरोखर आहे, की लोक तो आहे असं मानतात? वाचकाला हे सांगायची गरज नसते, पण तुम्हाला ठाऊक हवं. ते ठरलं नसलं की निवेदन एका प्रकरणात श्रद्धाळू आणि पुढच्यात संशयी होतं.

तिसरा भाग 'सांगायचं नाही' असा. तो सुरुवातीला कोरा असेल. तिसऱ्या टप्प्यात भरेल.

सावधान: खऱ्या गावाचं नाव वापरणार असाल तर प्रथेत स्वतःची भर घालू नका. तिथल्या मानकऱ्यांना, गुरवांना जाऊन विचारा, आणि जे ते बाहेर सांगत नाहीत ते छापू नका. मोकळीक हवी असेल तर गाव काल्पनिक ठेवा.

टप्पा २: आजची गोष्ट सलग लिहा, मागचं काहीही न सांगता

आधी एका वाक्यात आजची गोष्ट मांडा: 'माधवीला काकांची सही हवी आहे, काका देत नाहीत आणि उद्या गाव रिकामं होणार आहे.' या वाक्यात १९८२ नाही, हे मुद्दाम. मागचं काढून टाकल्यावर असं वाक्य उरतच नसेल, तर तुमच्याकडे अजून कथा नाही, फक्त इतिहास आहे. मग लिहायला बसण्याआधी आजच्या माणसाला आज काय हवंय ते शोधा.

आता पहिल्या प्रकरणापासून शेवटच्यापर्यंत फक्त आजचं लिहा. मागचं सांगावंसं वाटेल तिथे थांबू नका. चौकोनी कंसात एक ओळ टाका: [काका सही का टाळतात], [ही खोली बाबांची होती], [कौल म्हणजे काय]. एवढंच, आणि पुढे चला.

याला धीर लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात हात शिवशिवतात, कारण संपाचा भाग मनात तयार असतो आणि तो लिहायला सोपा असतो. आजचा प्रसंग लिहिणं अवघड असतं. पूर्वकथेत शिरणं ही बहुतेक वेळा त्या अवघड कामातून केलेली सुटका असते. हे ओळखायला शिकलात तर अर्धं काम झालं.

तपासा: खर्डा पुरा झाल्यावर कंस मोजा. सगळे पहिल्या तीन प्रकरणांत गोळा झाले असतील तर तुम्ही अजून प्रस्तावनाच लिहिताय. नंतरच्या प्रकरणांत एकही कंस नसेल तर शेवट मागच्या गोष्टीशी जोडलेलाच नाही.

टप्पा ३: प्रत्येक कंसाला तीन प्रश्न विचारा

१. हे कळलं नाही तर वाचक समोरचा प्रसंग चुकीचा समजेल का?
२. हे कळल्यावर कुठल्यातरी पात्राचा निर्णय बदलतो का?
३. हे सांगताना सांगणाऱ्याला किंवा ऐकणाऱ्याला काही गमवावं लागतं का?

तिन्हींना 'नाही' आलं तर तो तपशील वहीच्या तिसऱ्या भागात जातो. फक्त पहिल्याला 'हो' आलं तर एक-दोन वाक्यं पुरतात. दुसऱ्याला किंवा तिसऱ्याला 'हो' असेल तर त्यावर पूर्ण प्रसंग उभा राहू शकतो.

आपल्या कथेवर हे लावून पाहू. संप इतका चिघळला यामागे १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याचा मोठा वाटा होता. त्यानुसार कामगारांच्या वतीने बोलणी करण्याचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच होता आणि कामगारांचा त्या संघटनेवर विश्वास उरला नव्हता. हे महत्त्वाचं आहे, खरं आहे, आणि लेखकाने ते जाणून घेतलंच पाहिजे. पण माधवीच्या सहीशी त्याचा संबंध नाही. वहीत राहील. लेखकाला ते माहीत असल्यामुळे काकांच्या तोंडी 'युनियनवाल्यांनी फसवलं' असं ढोबळ वाक्य येणार नाही, एवढा त्याचा उपयोग.

सीताराम बदली कामगार होता, कायम नव्हता, हा तपशील मात्र ठेवा. हातात काही साठलेलं नव्हतं आणि गावी येण्यावाचून वाट नव्हती, हे एका शब्दात कळतं. पहिल्या प्रश्नाला 'हो'. आणि खानावळीचं थकलेलं बिल भागवायला आईने मंगळसूत्र विकलं, ही गोष्ट तिसऱ्या प्रश्नात बसते: आई आजवर 'ते चोरीला गेलं' असं सांगत आली असेल, तर खरं सांगताना तिला तिचं खोटं उघडं करावं लागेल. तिथे अख्खा प्रसंग आहे.

जमिनीच्या बाबतीत कूळकायद्याचा, १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाचा (त्या दिवसापासून जमीन कसणारं कूळ कायद्याने तिचं मालक मानलं गेलं) विषय निघतो. दिगंबरच्या वडिलांच्या नावे कूळ म्हणून जमीन लागली होती का? वहीत उत्तर असू द्या. कादंबरीत तलाठ्याने सातबाऱ्यावरच्या एका नावावर बोट ठेवलं तरी पुरे.

टप्पा ४: आधी प्रश्न, मग उत्तर, मध्ये अंतर

उरलेल्या प्रत्येक तपशिलासाठी दोन जागा ठरवा: वाचकाच्या मनात प्रश्न कुठे उभा राहील आणि उत्तर कुठे मिळेल. दोन्ही एकाच पानावर असतील तर उत्तराला वजन राहत नाही. मध्ये दीडशे पानं गेली तर वाचक प्रश्नच विसरतो. अशा वेळी अधूनमधून त्याची आठवण द्यावी लागते.

काका सही का टाळतात, या एका प्रश्नाची मांडणी अशी करता येईल:

- पहिलं प्रकरण: काका कागद वाचतात, घडी घालतात, 'बघू' म्हणतात. त्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि चष्मा खुंटीला आहे, हे माधवीच्या नंतर लक्षात येतं. म्हणजे कागदात काय आहे ते त्यांना आधीच ठाऊक होतं.
- तिसरं प्रकरण: गावातला माणूस माधवीला ओळखतो. 'दोन वर्षं हयच तर होतंस.' तिच्या समजुतीप्रमाणे ती लहानपणी फक्त मे महिन्यात येत असे.
- पाचवं प्रकरण: मुंबईला फोन. आई दोन वर्षं मान्य करते, कारण सांगत नाही.
- आठवं प्रकरण: वेशीबाहेरच्या राहुटीत, कौलाचा साक्षीदार असलेला गुरव.

प्रत्येक पायरीवर थोडं उत्तर मिळतं आणि त्यातून नवा प्रश्न निघतो. वाचकाला काहीच न देता ताटकळत ठेवण्यात कसब नाही.

सावधान: ज्याच्या डोक्यातून आपण गोष्ट पाहतोय त्याला जे ठाऊक आहे ते वाचकापासून लपवू नका. प्रकरण काकांच्या नजरेतून लिहिलंत आणि त्यांच्या मनात १९८२ चा कौल येऊच दिला नाहीत, तर ती फसवणूक होते. गुपित टिकवायचं असेल तर त्या प्रकरणांपुरतं माधवीच्या नजरेतच राहा.

टप्पा ५: परंपरा अडवते तेव्हा दाखवा

दंतकथा किंवा प्रथा समजावून सांगायची उत्तम वेळ म्हणजे ती पात्राच्या वाटेत आडवी येते तो क्षण. खर्ड्यात बहुधा असं असतं:

'गावपळण ही या गावाची पूर्वापार चालत आलेली परंपरा होती. देवाचा कौल झाला की सगळे गावकरी तीन दिवस वेशीबाहेर राहत. त्या काळात कुणीही गावात पाऊल ठेवत नसे.'

यात चूक काही नाही, पण कुणाचं काही अडत नाही. तेच असं लिहून बघा:

'काकू चुलीतला विस्तव विझवत होती. अंगणात गुरं सोडलेली, कोंबड्या टोपलीखाली. माधवीने कागदांची पिशवी पुढे केली. "काका कुठेत? एकच सही हवी होती." काकूने दाराला कडी घातली. "सही तीन दिसांनी. आता हय कोण ऱ्हवाचा नाय." "पण माझी परवाची गाडी आहे." काकू तोवर वाटेला लागली होती.'

तीन दिवस, रिकामं गाव, सक्तीचं बाहेर पडणं, सगळं कळलं. आणि माधवीची परतीची गाडी हुकणार हेही. प्रथेचं कारण, त्यामागची आख्यायिका, हे राहुटीत रात्री कुणीतरी सांगेल. तोवर वाचक स्वतःच विचारत असेल.

दुसरा नियम कौलासारख्या गोष्टींसाठी. शेवटी ज्या प्रथेवर निर्णय होणार आहे, ती आधी एकदा छोट्या कामात दाखवा. दुसऱ्या प्रकरणात कुणाची हरवलेली म्हैस असेल, कुणाच्या मुलाच्या नोकरीचा सवाल असेल. कळ्या लावल्या, उजवी पडली, लोक घरी गेले. त्यात वाचक नियम शिकतो. आठव्या प्रकरणात गुरव म्हणतो की सीतारामच्या वेळी कळी कुठल्या बाजूला पडली ते फक्त त्याने पाहिलं, तेव्हा नियम समजावत बसावं लागत नाही. शेवटाजवळ नवा नियम आणू नका. 'पण गावात अशीही एक प्रथा होती' हे वाक्य शेवटच्या चौथ्या भागात दिसलं तर मागे जाऊन त्याची पेरणी करा.

आख्यायिका पूर्ण द्यायची असेल तर दोन माणसांकडून दोन तऱ्हांनी येऊ द्या. गुरवाच्या सांगण्यात देव रागावतो, काकूच्या सांगण्यात देव दमलेला असतो. जशी सांगण्याची तऱ्हा, तसा माणूस. मग ते पान फक्त माहितीपुरतं उरत नाही.

टप्पा ६: संवादातली माहिती गाळा

'तुला माहीतच आहे, आपले वडील गिरणीत होते' असं सख्खा भाऊ भावाला सांगत नाही. ज्याला ठाऊक आहे त्याला ठाऊक असलेलं सांगणारा प्रत्येक संवाद शोधा आणि कापा. माणसं जुन्या गोष्टी बोलतात त्या भांडताना, उणंदुणं काढताना, उपकाराची आठवण देताना, किंवा अनोळखी माणसाला. काकूने 'दोन वर्षं कुणाच्या ताटात जेवलात?' एवढं म्हटलं की पूर्वकथा आली, भांडणही पुढे सरकलं.

बोलीचंही इथेच. मालवणी संवादांना पानोपान अर्थ देत बसू नका. 'तुका कोणी सांगूक नाय?' हे प्रसंगातून घाटावरच्या वाचकालाही कळतं. जिथे कळत नाही तिथे पुढच्या माणसाच्या उत्तरातून अर्थ येऊ द्या.

टप्पा ७: फ्लॅशबॅक लिहायचाच असेल तर

आधी बघा, टाळता येतो का. राहुटीतल्या गुरवाचं सांगणं आणि माधवीची प्रतिक्रिया यांतून काम होत असेल तर मागे जायची गरज नाही. जायचंच असेल तर तीन गोष्टी सांभाळा.

एक, जागा. प्रसंग ऐन रंगात असताना मागे जाऊ नका. तो एका निर्णयापाशी टेकला की जा. खिडकीशी बसून बाहेर बघताना आठवणं, ही जागा तर इतकी वापरून झाली आहे की ती सोडूनच द्या.

दोन, काळ. मराठीत फ्लॅशबॅक 'होता-होती-होतं'च्या रांगेने मारला जातो. पहिल्या दोन वाक्यांत 'आला होता', 'होती' असं लिहून वाचकाला मागे न्या आणि लगेच साध्या भूतकाळावर या: 'संपाच्या पहिल्या पावसाळ्यात सीताराम गावी आला होता. हातात एकच पिशवी होती. दिगंबरने ती उचलली. हलकी लागली. काही न विचारता त्याने ती आत नेऊन ठेवली.' परत येताना मात्र वाचकाला ठाम खूण द्या. आजच्या प्रसंगातला आवाज, हाक, विझत आलेला कंदील, काहीही चालेल. 'ती भानावर आली' हे नको.

तीन, परतल्यावर काहीतरी बदललेलं असलं पाहिजे. फ्लॅशबॅकच्या आधी माधवी काकांशी भांडायला निघाली होती आणि नंतरही तशीच निघाली, तर मधली चार पानं काढून पाहा. बहुधा कुणाला चुकचुकल्यासारखंही वाटणार नाही.

टप्पा ८: दोन रंगांची तपासणी

खर्डा छापून घ्या. पूर्वकथेच्या ओळी एका रंगाने, परंपरेच्या दुसऱ्या रंगाने रंगवा. मग पानं जमिनीवर पसरून लांबून बघा. सलग अर्ध्या पानाहून मोठा रंगीत पट्टा दिसला तर तो फोडता येतो का ते पाहा. पहिल्या प्रकरणात तर एखाद-दुसऱ्या ओळीपलीकडे रंग नसावा. ऐन शेवटी रंगाचा पूर आला असेल तर चौथ्या टप्प्याकडे परत जा.

मग दोन वाचक निवडा: एक कोकणातला, एक कधीच तिकडे न गेलेला. पहिल्याला विचारा, 'कुठे खोटं वाटलं?' दुसऱ्याला विचारा, 'कुठे हरवलात, आणि कुठे कंटाळलात?' 'आवडलं का?' विचारू नका, त्यातून हाती काही लागत नाही. दुसरा वाचक हरवला त्या जागी लगेच परिच्छेदभर खुलासा घालायचा मोह होईल. त्याआधी मागच्या प्रसंगातली एखादी कृती स्पष्ट करून पाहा. बरेचदा प्रश्न तिथेच सुटतो. दोघंही एकाच पानावर कंटाळले असतील, तर ते पान तुमचं कितीही लाडकं असलं तरी वहीच्या तिसऱ्या भागात हलवा.